तीनदा विचारायचा सवाल

मुलांनो, पुस्तकं जरा बाजूला ठेवा आणि माझ्याबरोबर एका माळावर चला. ऊन तापलेलं आहे. समजा, तुम्ही अकरा वर्षांची मुलगी आहात. पायात चप्पल नाही, परकर आखूड झालेला आहे, वेणी कालपासून घातलेली नाही. समोर बोकडांची लांब रांग दाव्याला बांधली आहे. प्रत्येकाच्या कपाळाला हळद, गळ्यात झेंडूची माळ. तुमच्या पाठीमागे पाच गावांची माणसं पंगती धरून बसली आहेत. पत्रावळी मांडून झाल्यात. चुलवणांवरच्या पाण्याला आधण येऊन ते आटत चाललंय. सकाळपासून कुणाच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. आणि तुमच्या हातात एक सुरी आहे, मनगटापासून कोपरापर्यंत लांब.

गावाचा सरपंच, ज्याच्यापुढं कालपर्यंत तुमचे वडील हात जोडून उभे राहायचे, तो तुम्हाला म्हणतोय, "कर बाई लवकर. सगळी तुझ्यासाठी खोळंबल्यात."

दिसलं? तुम्हाला कदाचित भीती वाटत असेल. मला वाटली नव्हती. मला फार बरं वाटत होतं.

ती मुलगी मी. हलिमा. हिवरझरीच्या दस्तगीर मुलाण्याची नात.

मुलाणी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण हल्ली बऱ्याच मुलांना माहीत नसतं. आमच्या गावात बोकड कुणाचंही असो, पाटलाचं, धनगराचं, न्हाव्याचं, ते मुलाण्यानंच कापायचं. मुलाणी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवणार, तेव्हा ते मटण. दुसऱ्या कुणी मान तोडली तर ते मेलेलं जनावर. त्याला म्हाताऱ्या बायका शिवत नसत आणि पाहुणे पानावरून उठत. देव म्हसोबा, नवस गावाचा आणि हात आमचा. हे कधी ठरलं ते माझ्या आजोबांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या आजोबांनाही नव्हतं.

आमच्या घराची आणखी एक रीत होती. सुरी फिरवण्याआधी बोकडाच्या मालकानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मग मुलाण्यानं विचारायचं, "कुणाचं काही घेतलेलं नाही ना?" मालकानं म्हणायचं, "नाही." असं तीनदा. तीन 'नाही' झाल्याशिवाय सुरी उचलायची नाही.

बहुतेक लोक ते एका दमात उरकायचे. पण एकदा निवृत्ती शेळके नावाचा शेतकरी पहिल्याच सवालाला अडखळला. म्हणाला, "थांबा मुलाणी, शिर्पाची पहार माझ्या गोठ्यात हाय." आणि धोतराचा सोगा धरून पळत सुटला. पहार खांद्यावर टाकून शिर्पाच्या दारात आपटली, धापा टाकत परत आला आणि बोकडावर हात ठेवून म्हणाला, "आता इचारा." माळ हसून हसून लोळला. पण त्याला वेडा कुणी म्हटलं नाही. म्हसोबापुढं खोटं बोलून पोटात मटण घालायची कुणाची छाती नव्हती.

आता एका खोलीबद्दल. आमच्या आळीच्या तोंडाशी सरकारी दवाखान्याची एक खोली होती. खोली बांधायला गावात कुणी जागा देईना, तेव्हा माझ्या आजोबांनी, दादांनी, आमच्या परड्यातली जागा दिली. पुढच्या अंगाला टेबल आणि औषधांचं कपाट, मागच्या अंगाला मार्था सिस्टरांची खाट. सिस्टर मिरजेकडच्या, ख्रिस्ती, एकट्या. आमची आळी, पलीकडं वैदूंची पालं, त्याच्या पलीकडं माकडवाल्यांची पालं, अशा सगळ्यांच्या पोरांना टोचायचं, बायकांना तपासायचं, हे त्या एकट्या करायच्या. गावातल्या बायकाही यायच्या, फक्त अंधार पडल्यावर आणि डोक्यावरून पदर ओढून. अप्पा काटकरांची सून अडली तेव्हा तिला भरदिवसा बैलगाडीतून त्याच खोलीत आणली होती. पोर पायाळू होतं. सिस्टरांनी ते सुखरूप काढलं. अप्पांनी आळीभर पेढे वाटले आणि दादांना म्हणाले, "दस्तगीरभाई, तुमच्या जागेनं माझा वंश वाढवला."

त्यानंतर वर्षभरानं अप्पा सरपंचपदाला उभे राहिले.

अप्पा आवडावा असाच माणूस होता, हे तुम्हाला कळलं पाहिजे. मोठ्यानं हसायचे, पोरांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या कोंबायचे, म्हाताऱ्यांना हाताला धरून पारावर बसवायचे. चावडीपुढच्या सभेत मी पहिल्या ओळीत बसले होते, गालात त्यांचीच गोळी घेऊन.

"मंडळी, मी काय शिकलेला न्हाय," अप्पा कर्ण्यातून म्हणाले. "मला एवढंच कळतं, घरात भाकरी एक असली तर आधी घरच्या पोराला द्यायची. गावच्या पैशानं खोली बांधली. बांधली कुठं? मुलाणआळीत. तिथं जातंय कोण? आळीवाली, वैदू आणि माकडवाली. औषध देतंय कोण? ख्रिस्ताची बाई. आता सांगा, ह्यात गावचं कोण हाय?"

लोक टाळ्या वाजवायला लागले. पहार परत करणारा निवृत्ती सगळ्यांत जोरात वाजवत होता.

"मला निवडून द्या. पयल्या दिवशी खोली गावाला परत करतो."

मी घरी आले. आमच्या घरात आम्ही आपली मुसलमानी बोली बोलायचो. ती इथं मराठीत सांगते.

"दादा, आपण गावचे नाही का?"

दादा दारात बसून बिडी ओढत होते. त्यांचे हात तेव्हाही कापायचे. बिडी ओठांपर्यंत न्यायला त्यांना दोन्ही हात लागायचे. "आपल्याशिवाय जत्रा होत नाही," ते म्हणाले. "मग आपण कुठले?"

"मग अप्पा असं का बोलले?"

"मतं मागतोय तो. मतं मागणारा माणूस गारुड्यासारखा असतो, बेटा. पुंगी वाजवतो तोवर साप डोलतो. पुंगी थांबली की साप पाटीत."

"आणि तेवढ्यात चावला तर?"

दादांनी बिडी विझवली आणि मला पाणी आणायला सांगितलं.

अप्पा निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. गुलालानं माखलेली पोरं आली. सिस्टरांची खाट बाहेर, कपाट बाहेर, बाळांना तोलायचा काटा बाहेर. आत डंबेल्स आणि एक मोठा आरसा गेला. दारावर तरुण मंडळाची पाटी लागली, पाटीखाली कुलूप लागलं आणि किल्ली अप्पांच्या खिशात गेली. तालीम म्हणून ती खोली महिनाभरसुद्धा चालली नाही, कारण पोरांना आमच्या आळीत यायचा कंटाळा यायचा. कुलूप तेवढं राहिलं.

सिस्टरांची बदली पार तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावाला झाली. एस.टी.ची वाट बघत त्या आपल्या ट्रंकेवर बसल्या होत्या. माझ्या आईला सातवा महिना लागला होता. सिस्टरांनी मला जवळ बोलावलं, आईचा पाय पुढं घेतला आणि घोट्याच्या वर बोटानं दाबलं.

"हलिमा, असं रोज दाबून बघायचं. खड्डा पडून तसाच राहिला तर मला निरोप धाडायचा. लगेच. विसरशील?"

"नाही विसरणार."

मी रोज दाबायची. आधी खड्डा पडून भरून यायचा. मग तो भरायला वेळ लागायला लागला. मग तो तसाच राहायला लागला. अब्बांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही. निरोप पोचला की नाही, तेही कधी कळलं नाही. आई म्हणायची, "अगं, सूज आहे, बाळंतपण झालं की उतरेल." मी तिच्या पायाकडं बघायची आणि मग आळीच्या तोंडाशी जाऊन त्या कुलपाकडं बघत उभी राहायची. शाळेत आम्हाला शिकवायचे, राग गिळावा. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले आणि मीही पोरांना तेच शिकवलं. पण तुम्हाला खरं सांगते, मी तो गिळला नाही. मी तो जपून ठेवला.

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, आईला कळा सुरू झाल्या. तिचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि अंग ताठ झालं. माझ्या आत्यानं, फुफूनं, तिच्या दातांत चमचा घातला. अब्बा उठले आणि मला म्हणाले, "चल." मला का घेतलं, कुणास ठाऊक. लहान पोर बरोबर असलं तर अप्पांना नाही म्हणवणार नाही, असं वाटलं असेल.

अप्पांच्या अंगणात जीप उभी होती. पोरं तिला झेंडूच्या माळा बांधत होती. नातवाचं जावळ जत्रेतच काढायचं होतं. अप्पांच्या आईनं, धोंडाक्कानं, मुलगा निवडून यावा म्हणून म्हसोबाला बोकडांचा नवस बोलला होता, तोही त्याच दिवशी फेडायचा होता. वर आमदार यायचे होते.

अब्बा हात जोडून म्हणाले, "अप्पा, बायकोला झटकं यायला लागल्यात. जीप मिळाली तर रातीच्या आत तालुक्याला पोचंल."

"मुलाणी, जीप आत्ताच धुतलीया. सकाळी आमदारसाहेबांना आणायचंय तिच्यातनं. बाळंतीण घातली तर सायबांना काय पोत्यावर बसवू?" अंगणातली माणसं हसली. अप्पांना हसवायला आवडायचं. "अरे, आमची आजी बांधावर बाळंत झाली आणि सांजच्याला भाकरी थापायला बसली. तुमच्या बायकास्नीच दवाखान्याची सवय लागलीया."

"अप्पा, पाया पडतो."

"बैलगाडी जुप. आन उद्या वेळंवर ये बरं का. तुझ्याबिगर पान हलत न्हाय." मग ते माझ्याकडं वळले आणि खिशातून गोळी काढली. "घे गं मुलाणीबाई."

मी ती घेतली आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या कोंबड्यांपुढं टाकली.

"पोरगी तिखट हाय," अप्पा म्हणाले, आणि माणसं पुन्हा हसली.

अब्बांनी पिंजाऱ्याची बैलगाडी जुपली. आई, फुफू आणि अब्बा गेले. निघताना अब्बा दादांना म्हणाले, "जत्रेचं काय करायचं?" दादा म्हणाले, "आधी ती." गाडीचा कंदील ओढ्यापलीकडं दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते.

सकाळी उठून मी सुरी बाहेर काढली आणि दगडावर लावायला बसले. आमच्या घरात मुलगा नव्हता. दादांचे हात कापायला लागल्यापासून अब्बा नसले तर आळीतली, गावातली कोंबडी मीच करायची. नाव घ्यायला मला दादांनी शिकवलं होतं. सुरी जनावराच्या नजरेआड लावायची, धार अंगठ्यानं नाही तर नखानं बघायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं. त्या सकाळी मला सुरीचं काय करायचं होतं? मला ठाऊक नव्हतं. ती चांगली लागायला हवी होती, एवढंच कळत होतं.

"किती लावशील?" दादा म्हणाले. "झिजून जाईल."

"जाऊ दे."

ऊन डोक्यावर आलं तशी माळावरची हलगी थांबली. थोड्या वेळानं आमच्या दारात अप्पा आले. बरोबर मंडळाचा बबन होता. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते आणि तो खाली बघत होता.

"दस्तगीरभाई," अप्पा म्हणाले. काल आम्ही मुलाणी होतो. "इब्राहिम कुठाय?"

"तालुक्याला. रातीच गेला. तुम्हीच सांगितलंत, गाडी जुप म्हणून."

"आला न्हाय अजून?"

"न्हाय."

अप्पांनी कपाळ पुसलं. "ह्या बबननं एक बोकड तोडलं. म्हटलं, मुलाण्यावाचून अडतंय काय आपलं. तर आईनं त्याच्याकडं बघून पदर नाकाला लावला. म्हणती, मेलेलं माझ्या देवाला दावता? पाहुणे उठायला लागल्यात. आमदार खुर्चीत बसून घड्याळ बघतोय."

"मग सभेत सांगा की त्यास्नी," दादा शांतपणे म्हणाले. "तुमचं ऐकत्यात लोक."

"दस्तगीरभाई, हात जोडतो. तुम्ही चला."

दादांनी आपले दोन्ही हात पुढं धरले. ते वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. "ह्या हातानं जनावराला यातना होतील. ते पाप मी करणार न्हाय. ह्या घरात आता एकच हात शाबूत हाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला इचारा."

"पोरीला?"

"तिला."

गावाचा सरपंच माझ्यापुढं वाकला. हात खिशाकडं गेला आणि आठवण झाल्यासारखा परत आला. "येतीस का, हलिमा?" माझं नाव त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"येते," मी म्हणाले.

दादांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मी सुरी फडक्यात गुंडाळली आणि पुढं झाले.

माळावर आम्ही पोचलो तेव्हा माणसं बाजूला सरून वाट करून देत होती. "आली, आली, मुलाण्याची आली." पोरं बापांच्या खांद्यावर चढून बघत होती. रांगेत पहिलं बोकड धोंडाक्काच्या नवसाचं होतं. धोंडाक्का स्वतः देवळाच्या कट्ट्यावर बसली होती, शेजारी अप्पांची सून मांडीवर पोर घेऊन. आमदार मांडवाखाली होते, त्यांनी गॉगल काढला आणि शेजारच्याला विचारलं, "ही पोरगी?" शेजारचा म्हणाला, "हात चालतो साहेब, घराण्यातली आहे." दादा एका धोंड्यावर टेकले.

आता आपण जिथून सुरुवात केली तिथं आलो.

"कर बाई लवकर," अप्पा म्हणाले. "सगळी तुझ्यासाठी खोळंबल्यात."

"बोकडावर हात ठेवा."

त्यांनी ठेवला.

"कुणाचं काही घेतलेलं नाही ना?"

"न्हाय, न्हाय, न्हाय. चल."

"एकदा विचारलं की एकदाच सांगायचं, अप्पा."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. अप्पांच्या मानेवरची शीर फुगली. "न्हाय," ते म्हणाले.

सुरी फडक्यातच होती. मी त्यांच्याकडं बघत राहिले. वर्गात पोरगं खोटं बोललं की मी पुढं आयुष्यभर तसंच केलं. ओरडण्यापेक्षा थांबणं फार जड जातं समोरच्याला. चुलवणाखाली लाकूड तडतडलं. एक बोकड ओरडलं.

"भगवान," कट्ट्यावरून धोंडाक्का म्हणाली. अप्पांना नावानं हाक मारणारी गावात ती एकटीच होती. "मुलाण्याची जागा दाबून बसलाईस की."

"आई, तू गप ऱ्हा. ते पंचायतीचं काम हाय."

"नवस माझा हाय. माझ्या बोकडावर हात ठिवून खोटं बोलतोस आन मी गप ऱ्हाऊ? हे प्वार कुठं जलमलं रं?"

सुनेनं मान खाली घातली आणि मांडीवरच्या पोराला घट्ट धरलं.

"दुसऱ्यांदा विचारते," मी म्हणाले. "कुणाचं काही घेतलेलं नाही ना?"

ज्या लोकांनी चावडीपुढं टाळ्या वाजवल्या होत्या, तेच सगळे तिथं होते. त्यांचीही पोटं रिकामी होती. मागून निवृत्ती शेळक्याचा आवाज आला, "अप्पा, टाका की किल्ली. मी न्हवती का पहार दिली?" दुसरा म्हणाला, "तालमीत कोण जातंय तसं बी?" तिसरा म्हणाला, "पोरंबाळं उपाशी हायत, सरपंच." मग सगळा माळच बोलायला लागला. आमदारांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

अप्पा सगळ्यांकडं बघून हसायचा प्रयत्न करत होते. त्यांना वाटत होतं, एक चांगला विनोद सुचला तर सुटू. सुचला नाही. त्यांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या पायांशी मातीत टाकली.

"घे. आता म्हणतो. न्हाय. कुणाचं काई न्हाय माझ्याकडं."

मी वाकले नाही. दादा उठले, हळूहळू आले आणि थरथरत्या हातांनी किल्ली उचलून सदऱ्याला पुसून खिशात ठेवली. माळानं सुस्कारा सोडला. कुणीतरी हलगीवर थाप मारली. मुलांनो, त्या घटकेला मला जे वाटलं ते उन्हात गार ताक प्यावं तसं होतं. मला वाटलं, झालं. आता तिसऱ्यांदा विचारायचं, नाव घ्यायचं, सुरी फिरवायची आणि रात्री आईला सगळं पहिल्यापासून सांगायचं.

तेवढ्यात फाट्यावर तालुक्याची एस.टी. थांबली. माळावरून फाटा दिसतो. एकच माणूस उतरला. अब्बा. त्यांनी दोन्ही हातांत काहीतरी छातीशी धरलं होतं, आणि ते गावाकडं न वळता माळाच्या वाटेनं येत होते, कारण आमचं कबरस्तान माळाच्या अंगाला आहे.

गर्दी बाजूला झाली. अब्बांच्या हातात आईची हिरवी ओढणी होती, गुंडाळलेली, लहानशी.

"सून?" दादांनी विचारलं.

"जिती हाय. दवाखान्यात ठेवून घेतलीया. फुफू हाय तिच्याजवळ." अब्बांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "पोरगा झाला होता. डाक्टर म्हणला, रातीच आणायला पाहिजे होती. गाडीतच..." त्यांनी ओढणीची एक घडी नीट केली. "लवकर मातीला द्यायचंय. म्हणून आलो."

अप्पा दोन पावलं पुढं आले.

"वाईट झालं, इब्राहिम," ते म्हणाले. "देवाची मर्जी. त्याच्याफुडं कुणाचं चालत न्हाय." मग त्यांनी पंगतींकडं पाहिलं, आमदारांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण एवढं उरकून दे म्हणावं पोरीला. सगळी सकाळधरनं उपाशी हायत रं."

दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हलिमा, चल घरी."

"अजून एकदा राहिलंय, दादा," मी म्हणाले.

मी फडक्याची गाठ सोडली आणि सुरी बाहेर काढली. लोकांना वाटलं, आता होणार. हलगीवाला पुढं सरला.

"अप्पा, बोकडावर हात ठेवा."

त्यांनी ठेवला.

"तिसऱ्यांदा विचारते. कुणाचं काही घेतलेलं नाही ना?"

त्यांचं तोंड उघडलं. त्या तोंडाला कधी शब्द कमी पडले नव्हते. नजर माझ्यावरून सरकली, अब्बांच्या हातांपर्यंत गेली आणि तिथंच अडकली. ओढणीच्या घडीतून एक टाच बाहेर आली होती, लिंबाच्या फोडीएवढी. धोंडाक्कानं तोंडावर पदर घेतला. सुनेनं आपलं पोर उचललं आणि ती देवळामागं निघून गेली.

मी वाट पाहिली. माझ्याकडं भरपूर वेळ होता.

"हलिमा," अप्पा म्हणाले. एवढंच.

"हे उत्तर नाही," मी म्हणाले.

शेवटच्या पंगतीतला एक म्हातारा उठला आणि त्यानं आपली पत्रावळ उलटी घातली. मग त्याच्या शेजारचा उठला. मग सगळा शेजारगाव. आमदारांची माणसं जीपकडं चालू लागली. झेंडूच्या माळा अजून तिच्यावर होत्या. अप्पांचा हात बोकडाच्या पाठीवरून घसरला आणि नुसताच लोंबत राहिला.

मी सुरी फडक्यात गुंडाळली आणि दादांच्या काखेत दिली. मग वाकून बोकडाचं दावं खुंट्यावरून सोडलं, अप्पांच्या त्या मोकळ्या हाताला त्याचे दोन वेढे दिले, गाठ मारून ती ओढून पाहिली, आणि अब्बांच्या मागोमाग कबरस्तानाच्या वाटेला लागले.